घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी पहिलं छोटं विमान कसं निवडायचं

सिम नवा घेतला की पहिला आठवडा सगळ्यांचा सारखाच जातो. सिमसोबतच फुकट येणारी डिफॉल्ट सेस्ना घ्यायची, आपल्या गावावर जायचं, नदी नाहीतर हायवे धरून आपलं घर शोधायचं, सापडलं की घरच्यांना हाका मारून स्क्रीनसमोर आणायचं. दुसऱ्या आठवड्यात आपण अ‍ॅड-ऑनच्या दुकानात शिरतो, तिथे शेकडो विमानं, एकापेक्षा एक फोटो, आणि कुठलं घेऊ तेच कळत नाही. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला हाच प्रश्न विचारला, प्रत्येकाला फोनवर तासतासभर सांगत बसलो, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतोय. छोटं विमान म्हणजे इथे एका नाहीतर दोन पिस्टन इंजिनांचं, दोन ते सहा सीटचं. एअरबस-बोईंगचा विषय पूर्ण वेगळा, तो यात नाही.

बाकी सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधी सांगतो. छोट्या विमानात इंजिन कसं वागतं ते पहिलं बघायचं, बाहेरून कसं दिसतं ते शेवटी. जेटमध्ये तुम्ही आणि इंजिन यांच्यामध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो, छोट्या विमानात मध्ये कोणीच नाही, थ्रॉटल, मिक्श्चर (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारी लिव्हर) आणि तुमचे कान एवढंच. ते इंजिन जर पंख्यासारखं असेल, बटण दाबलं की सुरू आणि बंद केलं की बंद, तर दहाव्या फ्लाइटपर्यंत कंटाळा येतोच.

मी पहिलं विकतचं विमान घेतलं ते दोन इंजिनांचं होतं, निव्वळ फोटो बघून घेतलं. सीटच्या चामड्यावरची शिलाई सुद्धा मोजता येईल इतकं सुंदर काम केलेलं. पण मिक्श्चरची लिव्हर अर्ध्यापर्यंत मागे ओढली तरी इंजिनाला काही पडलेली नाही, तेलाच्या तापमानाचा काटा पाच मिनिटांत एका जागी गेला तो दिवसभर तिथेच, एक मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक) बंद केला तर आरपीएम जागचा हलला नाही. पैसे गेले ते गेले, त्याहून वाईट म्हणजे पुढचे दोन-तीन महिने मी असंच धरून चाललो होतो की छोटी विमानं अशीच असतात आणि त्यांच्यात शिकण्यासारखं फार काही नसतं. नंतर एका मित्राकडे दुसरं विमान बघितलं तेव्हा कळलं की आपण काय गमावत होतो.

पायरी १: आधी फुकटचं विमान नीट उडवा

काहीही विकत घ्यायच्या आधी डिफॉल्ट सेस्ना १७२ किमान दहा तास उडवा. ही काही कमीपणाची गोष्ट नाही, १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान आजवर ४४ हजारांपेक्षा जास्त बनलंय, जगात दुसऱ्या कुठल्याही विमानाची एवढी संख्या नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ती आहे, एक्स-प्लेनमध्ये आहे, आणि ज्यांना एक पैसाही घालायचा नाही त्यांच्यासाठी फ्लाइटगियर नावाचा १९९७ पासूनचा पूर्ण मोफत सिम आहे त्यातही १७२ पी आहे. ग्राफिक्स जुनाट वाटतील, पण त्या १७२ पी मध्ये लोकांनी इतकं मन लावून काम केलंय की विमान जमिनीला बांधलेले दोर सोडण्यापासून आणि तेल तपासण्यापासून सगळं तुम्हाला करता येतं. मी नवीन माणसाला नेहमी सांगतो, एक शनिवार तिच्यासोबत घालवा.

या दहा तासांत करायचं काय, तर आकडे पाठ करायचे. १७२ एस घेतली तर इंजिन १८० हॉर्सपॉवरचं, ५५ नॉटला नाक उचलायचं, ७४ नॉटला चढायचं, इंजिन गेलं तर ६८ नॉट धरायचे, आणि फुल फ्लॅप (पंखांमागच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्या) टाकून साधारण ६१ ते ६५ नॉटला उतरायचं. एअरस्पीडच्या घड्याळावरचा पांढरा पट्टा ४० ते ८५, म्हणजे ८५ च्या वर फुल फ्लॅप नाही, आणि लाल रेघ १६३ ला. हे आकडे डोक्यात बसले की पुढे कुठलंही विमान घ्या, तुमच्याकडे एक मोजपट्टी असते. आणि सोबत एक वही ठेवा, त्यात फक्त तुम्हाला काय खुपतंय ते लिहा. "स्क्रीनपेक्षा काट्यांची घड्याळं आवडतात." "हिच्यातून लांब जायला फार वेळ लागतो." "छोट्या मैदानात उतरायचंय." दहा तासांनी ती वही उघडलीत की अर्धी निवड झालेली असते.

पायरी २: तुमचा सिम कुठला आणि मशीन काय

यात लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात आणि हे टाळणं सगळ्यात सोपं आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची ऑगस्ट २०२० ची आवृत्ती वेगळी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली वेगळी. २०२० साठी बनवलेली बरीच विमानं २०२४ मध्ये चालतात, पण चालणं वेगळं आणि २०२४ साठी खास बनवलेलं असणं वेगळं, कारण २०२४ मध्ये विमानाभोवती पायी फिरून तपासणी करायची जी सोय आहे ती जुन्या विमानांना आपोआप मिळत नाही, कधी दिवे चुकतात, कधी चाकं जमिनीवर विचित्र वागतात. म्हणून दुकानाच्या पानावर "२०२४ मध्ये चालतं" असं लिहिलंय की "२०२४ साठी बनवलंय" असं लिहिलंय ते नीट वाचा. एक्स-प्लेनचं पण तेच, ११ साठीचं विमान १२ मध्ये उघडेल कदाचित, पण उडण्याची गणितं १२ साठी जुळवलेली नसली तर ते विमान तरंगत राहतं नाहीतर दगडासारखं खाली येतं.

एक्सबॉक्सवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवा की तुम्हाला सिमच्या आतल्या मार्केटप्लेसमधूनच घेता येतं, आणि ज्या विमानांना बाजूला वेगळा प्रोग्राम चालवावा लागतो ती तुमच्याकडे चालतच नाहीत. ए-टू-ए सिम्युलेशन्सचं कोमांची, ज्याबद्दल पुढे बोलणार आहे, ते फक्त पीसीवर चालतं.

मशीन साधं असेल, म्हणजे तीन-चार वर्षं जुना लॅपटॉप, तर काट्यांच्या घड्याळांचं विमान घ्या. जी-१००० सारख्या मोठ्या स्क्रीन सतत नवा नकाशा काढत असतात आणि त्यांचा भार एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावर, पडतो. शिवाय विमानाच्या चित्रांसाठी ग्राफिक्स कार्डची मेमरी लागते, ती चित्रं फार भारी प्रतीची असतील तर मुंबईवर विमान नेलं की सगळं अडखळायला लागतं. आणि जॉयस्टिकला निदान पिळून रडर (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) फिरवता आला पाहिजे, कारण चांगल्या छोट्या विमानात रडरशिवाय धावपट्टीवर सरळ सुद्धा राहता येत नाही. सोबत तीन लिव्हरचा थ्रॉटल मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्श्चर तिन्ही हाताने हलवण्यात जी मजा आहे ती कीबोर्डवर नाही.

पायरी ३: करायचं काय आहे ते ठरवा, मग विमानाचं नाव घ्या

लोक उलटं करतात, आधी नाव ठरवतात आणि मग त्याचं काय करायचं ते शोधतात.

तुम्हाला शिकायचं असेल, म्हणजे सर्किट (धावपट्टीभोवती फेऱ्या) मारायचे, स्टॉल (वेग फार कमी होऊन पंखांचा आधार सुटणं) करून बघायचे, आडव्या वाऱ्यात उतरायचं, तर १७२ च्या पुढची पायरी म्हणून मी पायपर वॉरियर सुचवतो, पीए-२८-१६१, जस्ट फ्लाइट या ब्रिटिश कंपनीचं. इंजिन १६० हॉर्सपॉवरचं, कार्ब्युरेटरवालं (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग), पंख खाली. सेस्नावरून पायपरवर आलात की पहिल्या पाच मिनिटांत चार गोष्टी वेगळ्या लागतात. दार एकच, तेही उजवीकडे. फ्लॅपला बटण नाही, दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकसारखा दांडा आहे, तो वर ओढायचा, १०, २५, ४० असे टप्पे. सेस्नाची टाकी "बोथ" वर ठेवून विसरून जाता येतं, इथे डावी किंवा उजवी एवढंच, दोन्ही एकदम नाहीच. आणि पेट्रोल पंखातून वर इंजिनाकडे चढवावं लागतं त्यामुळे टेकऑफ आणि लँडिंगला इलेक्ट्रिक पंप चालू करायची सवय लावून घ्यावी लागते. यातूनच विमान नावाची वस्तू कळायला लागते, आणि पैसे घालायचे तर अशा फरकांसाठी घालावेत.

पुढे मुलाला किंवा स्वतःला खऱ्या फ्लाइंग स्कूलला पाठवायचं मनात असेल तर तिथे कुठलं विमान आहे ते आधी विचारा. गोंदियाजवळ बिर्सी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे तिथे डायमंड डीए-४० आणि दोन इंजिनांचं डीए-४२ आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डीए-४० एनजी आलेलंच असतं, तेव्हा त्यासाठी लगेच पैसे घालायची गरज नाही. फक्त एक समजून घ्या, एनजी म्हणजे जेट ए-१ वर चालणारं १६८ हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याला लिव्हर एकच, मिक्श्चर नाही, मॅग्नेटो नाही, सगळं कॉम्प्युटर सांभाळतो. विमान अतिशय गोड आहे पण जुन्या पद्धतीचं इंजिन हाताळायला तुम्ही त्याच्यावर शिकणार नाही. ते शिकायला पेट्रोलवाल्या लायकॉमिंग इंजिनाकडेच यावं लागतं.

फिरायचं असेल, म्हणजे पुणे ते गोवा, गोवा ते बंगळुरू असे टप्पे मारायचे, तर १७२ खरंच संथ आहे. तिथे पायपर ॲरो थ्री येतं, २०० हॉर्सपॉवर, चाकं आत जातात, प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलता येतो. हे पण जस्ट फ्लाइटचंच आहे. आणि त्याच्या वर कोमांची २५०.

कोमांचीबद्दल मी जरा जास्त लिहिणार, कारण आजवर घेतलेल्या सगळ्या विमानांत माझा जीव याच्यावर आहे. हे विमान तुम्ही बंद केल्यावरही तसंच राहतं. काल तेल कमी झालं होतं तर आज कमीच असतं. जमिनीवर जास्त वेळ पूर्ण रिच (पेट्रोल जास्त) मिक्श्चरवर घरघर करत ठेवलंत तर स्पार्क प्लगवर काजळी धरते, आणि मग धावपट्टीच्या तोंडाशी मॅग्नेटो तपासताना इंजिन थरथरतं, आरपीएम नको तितका पडतो, आता थोडं लीन (पेट्रोल कमी) करून प्लग जाळून साफ करा नाहीतर परत हँगरला जा. दिवे चालू ठेवून गेलात तर दुसऱ्या दिवशी बॅटरी बसलेली. एकदा माझ्याकडे नऊ-दहा दिवस वेळच झाला नाही, रविवारी सकाळी परत आलो, विमानाभोवती फिरलो, तेलाची पट्टी काढून बघितली, एक क्वार्ट टाकलं, पेट्रोलचा नमुना काढून पाणी आहे का बघितलं, आणि मग सुरू केलं, या सगळ्यात वीस मिनिटं गेली आणि अजून उड्डाण व्हायचं होतं, तरी मला ती वीस मिनिटं त्या दिवसातली सगळ्यात छान वाटली. ज्याला हे वाचून "कशाला एवढं" असं वाटलं त्याने कोमांची घेऊ नये, वॉरियर घ्यावं, त्यात काही चूक नाही. पण ज्याला वाचताना बरं वाटलं त्याने दुसरं काही बघायलाच नको.

विजेच्या यंत्रणेत रस असेल, कुठला फ्यूज उडाला की कुठलं घड्याळ मरतं वगैरे, तर ब्लॅक स्क्वेअरचं बोनान्झा बघा. डोंगरदऱ्यांत, नदीच्या वाळूवर उतरायचं असेल तर कब जातीचं, म्हणजे थोडक्या जागेत उतरणारं हलकं विमान, आणि मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये एक्सकब आधीच असतं, त्यातच महिनाभर खेळा. दोन इंजिनांचं विमान पहिलं म्हणून घेऊ नका, हे मी स्वतः चुकून शिकलोय. एक इंजिन बंद पडल्यावर पायाने विमान सरळ धरायचं हे ज्याला एकाच इंजिनाचा रडर जमत नाही त्याला जमणार नाही, आणि ते जमत नसेल तर दुसऱ्या इंजिनाचा उपयोग काय.

एक्स-प्लेनवाल्यांसाठी सगळ्यात स्वस्तातली युक्ती वेगळी आहे. सिमकोडर्सचं रिॲलिटी एक्स्पान्शन पॅक म्हणून एक अ‍ॅड-ऑन येतं, ते डिफॉल्ट १७२ वर बसतं आणि तिच्याच इंजिनाला झीज, तेल, बॅटरी हे सगळं देतं. विमान तेच, जीव नवा. अशा सुधारणा-पॅकचा एक नियम लक्षात ठेवा, ते ज्या विमानावर बसतं ते विमान तुमच्या एडिशनमध्ये असलं पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या साध्या एडिशनमध्ये स्क्रीनवाली १७२ होती, काट्यांची १७२ डीलक्समध्ये होती, आणि हे न बघता पॅक घेऊन बसलेले लोक मला माहीत आहेत.

पायरी ४: घ्यायच्या आधी मॅन्युअल वाचा

बऱ्याच चांगल्या कंपन्या विमानाचं मॅन्युअल दुकानाच्या पानावरच ठेवतात, विकत न घेता उघडता येतं. ते उघडा आणि इंजिनाचा भाग शोधा. कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणं), प्रायमर (सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडणारा पंप), गरम इंजिन सुरू करणं, मॅग्नेटो, मिक्श्चर यांच्यावर काय लिहिलंय? शंभर पानांत ऐंशी पानं रंगसंगती आणि दारं उघडण्यावर असतील तर तिथेच थांबा. मग व्हिडिओ बघा, पण संगीत लावलेले सूर्यास्ताचे नकोत, असा बघा ज्यात कोणीतरी थंड विमान सुरू करतंय, स्टॉल करून दाखवतंय आणि हळू उडवतंय. दहा मिनिटांत विमानाची जात कळते.

विक्रेत्यांची एक चलाखी अशी की विमानाचं नाव आणि आतली यंत्रणा यांचा मेळ नसतो. १७२ एस चं इंजिन फ्यूएल इंजेक्शनचं आहे, तिला कार्ब्युरेटरच नाही, मग कार्ब्युरेटर हीटची खुंटी कुठून येणार? कॉकपिटच्या फोटोत ती खुंटी दिसली आणि वर नाव एस लिहिलेलं असलं तर बनवणाऱ्याने जुन्याच मॉडेलवर नवं नाव चिकटवलंय. उलट १५२ मध्ये, वॉरियरमध्ये, कोमांची २५० मध्ये ती असलीच पाहिजे.

पायरी ५: पैसे

चांगलं छोटं विमान साधारण १५ ते ४० डॉलरच्या मध्ये मिळतं. किमती डॉलर, पौंड नाहीतर युरोत असतात, त्यामुळे कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात, आपल्याकडे ते आपोआप चालू नसतात, आणि बँक वरून दोन-तीन टक्के घेते ते धरून चाला. वर्षाअखेरीला, नोव्हेंबर-डिसेंबरात, बहुतेक दुकानांत सेल लागतो, घाई नसेल तर तोपर्यंत थांबा. एकदा डाउनलोड केलं की पैसे परत मिळणं कठीण असतं म्हणूनच वरच्या चार पायऱ्या. आणि चोरीच्या कॉप्या नकोत, व्हायरसचा धोका आहेच, पण सिमचं अपडेट आलं की ते विमान मरतं आणि दुरुस्त करून द्यायला कोणी नसतं, शिवाय ही विमानं दोन-चार माणसं रात्री जागून बनवतात, त्यांचे पैसे त्यांना मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

एका वेळी एकच घ्या. तीन महिने तेच उडवा.

पायरी ६: बसवणं

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बाहेरून घेतलेलं विमान कम्युनिटी नावाच्या फोल्डरमध्ये जातं, एक्स-प्लेनमध्ये एअरक्राफ्ट फोल्डरमध्ये. इन्स्टॉलर असेल तर तोच करतो. सिमचं मोठं अपडेट आल्यावर सिम उघडेना झाला तर कम्युनिटी फोल्डरमधलं सगळं बाहेर काढून ठेवा, सिम उघडतो का बघा, आणि मग एकेक परत टाका, दोषी कोण ते कळतं. बस, यात याहून जास्त काही नाही.

पायरी ७: पहिल्या दिवशीची परीक्षा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची. नवं विमान घेऊन सरळ फिरायला जाऊ नका. विमानतळावर थंड, अंधाऱ्या, म्हणजे सगळं बंद असलेल्या अवस्थेत उघडा, चेकलिस्ट घ्या आणि हळूहळू सुरू करा. सुरू झाल्या झाल्या नजर तेलाच्या दाबावर. काटा साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत उठून हिरव्या पट्ट्यात आला पाहिजे, आणि तेलाचं तापमान मात्र आरामात, मिनिटं मोजत वर चढलं पाहिजे. दोन्ही एकदम टुणकन उडी मारून जागेवर बसले तर समजायचं ही नुसती चित्रं आहेत.

मग रन-अप, म्हणजे उडायच्या आधी जमिनीवर इंजिन तपासणं. १७२ एस मध्ये १८०० आरपीएम ठेवून एकेक मॅग्नेटो बंद करायचा, प्रत्येक वेळी आरपीएम थोडा पडतो, १५० पेक्षा जास्त पडायला नको आणि दोघांतला फरक ५० च्या आत हवा. अजिबात पडलाच नाही तर ते पण वाईट. खऱ्या विमानात तसं झालं तर मॅग्नेटो बंदच होत नाहीये असा अर्थ निघतो, सिममध्ये अर्थ एवढाच की बनवणाऱ्याने ते केलेलंच नाही. कार्ब्युरेटरवालं विमान असेल तर हीटची खुंटी ओढा, गरम हवा विरळ असते म्हणून आरपीएम खाली यायला हवा. बाहेर दमट हवा लावून, जून-जुलैमधल्या कोकणासारखी, कमी पॉवरवर दहा मिनिटं उडवून बघा, चांगल्या विमानात इंजिन हळूच मरगळायला लागतं कारण कार्ब्युरेटरच्या आत पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस-वीस अंश उतरतं आणि तिथे बर्फ धरतो, बाहेर २५ अंश असले तरी. तेव्हा हीट ओढली की आधी इंजिन आणखी खोकतं, मग बर्फ वितळला की आवाज मोकळा होतो. पहिल्यांदा हे माझ्यासोबत रत्नागिरीजवळ समुद्रावर झालं तेव्हा मी इंजिन बिघडलं म्हणून उतरायला जागा शोधत होतो, नंतर कळलं की विमान अगदी बरोबर वागत होतं, चुकत मी होतो.

मिक्श्चरची परीक्षा पुण्यात करा, मे महिन्यातली दुपार लावून. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे, त्यात ३८ अंश उष्णता लावली की विमानाला आपण साधारण ५,२०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. पूर्ण रिच ठेवून टेकऑफ करा, विमान जड, आळसट, आवाज घुसमटलेला. परत या, फुल थ्रॉटलवर मिक्श्चर हळूहळू मागे घ्या, आरपीएम थोडा वाढतो, कळसाला जातो, आणखी मागे घेतलं की पडायला लागतो आणि इंजिन खडबडतं. कळसाच्या जरा अलीकडे, रिचच्या बाजूला ठेवून परत टेकऑफ करा. दोन्ही वेळा विमान सारखंच चढलं तर मिक्श्चर दाखवायचाच आहे. फरक जाणवला तर विमान घरात ठेवण्यासारखं आहे.

हवेत गेल्यावर तीन गोष्टी. फुल पॉवरला, हळू वेगात, नाक डावीकडे जायला हवं आणि उजवा रडर मागायला हवं. पॉवर काढून नाक धरून ठेवलं की १७२ एस साधारण ४८ नॉटला स्टॉल व्हायला हवी, आणि सेस्नाचा स्टॉलचा आवाज ऐका, तो वाऱ्याने वाजणाऱ्या पिपाणीतून येतो म्हणून बारीक सुरू होऊन वाढत जातो, पायपरमध्ये तसा नसतो. तिसरी म्हणजे ग्लाइड, इंजिनाच्या ताकदीशिवाय तरंगत जाणं. तीन हजार फूट हाताशी ठेवा, थ्रॉटल पूर्ण मागे, ६८ नॉट, १७२ एस हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल जाते. सहा मैल गेली तर ती विमान नाही, घार आहे.

वॉरियर किंवा ॲरो असेल तर एक जादा. डाव्या टाकीवर अर्धा तास सरळ उडवा, हात सोडा, विमान हळूहळू उजवीकडे कलायला हवं कारण डावी टाकी हलकी झाली.

आणि उतरल्यावर बंद करताना कान लावून ऐका. मिक्श्चर पूर्ण मागे ओढलं की इंजिन थांबायच्या आधी आरपीएम क्षणभर, वीस-पंचवीसने का होईना, वर जातो आणि मग पाती खडखडत थांबतात. इतकी बारीक गोष्ट ज्याने केलीय त्याने बाकीचं सोडलेलं नसतं, हा माझा अनुभव आहे.

यातलं बहुतेक विमानाने केलं तर आता फिरायला जा. माझा ठरलेला मार्ग पुणे ते जुहू, जेमतेम सत्तर नॉटिकल मैल, १७२ ला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. तळेगाववरून एक्स्प्रेसवे धरायचा, लोणावळ्यापुढे नागफणीचा सुळका डावीकडे ठेवून कड्यावरून बाहेर पडलं की एकदम दोन हजार फूट जमीन खाली जाते आणि पश्चिमेचा वारा जोरात लावलेला असेल तर तिथे विमान हादरतं. मग माथेरान, ठाण्याची खाडी, आणि समोर जुहूची धावपट्टी, त्याच जुहूची जिथे १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथमधून उतरले होते. जुहूची धावपट्टी लहानच आहे, साधारण ११०० मीटर, आणि तिच्या शेजारीच मोठ्या विमानतळाची विमानं उतरत असतात, त्यामुळे वेग सांभाळून, उंची सांभाळून यावं लागतं.

उतरलात की इंजिन बंद करा, मास्टर (विजेचा मुख्य स्विच), दिवे, फ्यूएल पंप बंद आहेत ना बघा, चाकांना अडसर लावा, तेलाची पट्टी काढून आकडा वहीत लिहा. पुढच्या शनिवारी तिथूनच सुरुवात करायची आहे.